मुशीतले शुद्ध की सोवळ्यातले?

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय आहे. बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकात कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवण्याची पेटी), दीपवृक्ष आणि प्रमुख याजकाच्या मंदिलावरची पट्टी 'शुद्ध सोन्याची' असल्याचे वाचले. मूळ हिब्रूतले हे शुद्धपण हीण काढलेल्या सोन्याचे, की सोवळ्याचे? — एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : मूळ शब्द 'ताहोर' असा आहे आणि तो सोन्याला लागतो तेव्हा अर्थ आधी मुशीतलाच घ्यावा, असे आमचे मत आहे. २५व्या अध्यायात कोश 'ताहोर' सोन्याने मढवायला सांगितले आहे, पण तो उचलण्याच्या दांड्यांना नुसते 'सोने' पुरते. आता ते दांडे काही ओवळे नव्हते, तेव्हा हा फरक कसाचाच असणार. दिव्याच्या जैतुनी तेलाला तर 'ताहोर' न म्हणता 'जाख', म्हणजे नितळ, असा निराळाच शब्द योजला आहे.

अडचण येते ती बायबलमधल्याच 'लेवीय' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात, कारण तेथे सोने बाजूला राहून दीपवृक्षच 'ताहोर' म्हटला जातो. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी याने त्याचे दोन अर्थ दिले आहेत : तो शुद्ध सोन्याचा म्हणून शुद्ध, किंवा दिवे लावण्याआधी त्यावरील राख काढून तो स्वच्छ करायचा म्हणून शुद्ध. (समई घासून मगच वात लावणाऱ्या घरांना दुसरा अर्थ जवळचा वाटेल, आम्हांला पहिला अधिक सरळ वाटतो.)

तरीही सोवळ्याचा अर्थ या शब्दातून पुसता येत नाही. 'गणना' या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात युद्धातील लुटीचे सोने, रुपे, पितळ विस्तवातून काढून 'ताहोर' करावे असे सांगून, त्यावर शुद्धीकरणाच्या पाण्याचा संस्कारही लगेच सांगितला आहे. म्हणजे गलाईवाल्याच्या लेखी जे काम भट्टीपाशी संपले, ते याजकाच्या लेखी अर्धेच झालेले असते.

पावित्र्य मात्र याहून वेगळे, आणि त्यासाठी 'कोदेश' हा शब्द आहे. आपण विचारलेल्या पट्टीवर हे दोन्ही शब्द भेटतात : पत्रा 'ताहोर' सोन्याचा, आणि त्यावर मुद्रेसारखी कोरलेली अक्षरे 'परमेश्वरासाठी कोदेश' अशी.