जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट: आधी लाकडाआडचा पत्रा पाहा

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मिनेसोटात आपल्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी १९७४ सालची, १४ फुटी, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या, दोन्हीकडून ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्या) ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट ट्रेलरसह फुकट देऊ केली आहे, ती गळते, इंजिन लावायची मागची फळी दाबली तर नरम लागते, तळाला पोचे आहेत, आणि एवढा खटाटोप करण्याजोगी ती आहे का, हे आपल्याला मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडण्यापूर्वी ठरवायचे आहे. गेल्या १८ वर्षांत मी अशा ३ बोटी घरच्या गॅरेजमध्ये उघडल्या. त्यांपैकी २ आजही तळ्यात जातात आणि तिसरी मी माझ्याच चुकीने भंगारात घातली, त्यामुळे खाली जे लिहीत आहे त्यातले निम्मे त्या तिसरीकडून शिकलेले आहे.

आपण सांगितलेल्या दोषांपैकी गळतीची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते आहे असे दिसते, पण माझ्या मते तोच सर्वांत किरकोळ दोष आहे. पन्नास वर्षे लाटांवर आणि ट्रेलरवर हादरे खाल्लेल्या बोटीचे काही रिव्हेट सैल होणारच. बोट ट्रेलरवरच ठेवून, तळाचे बूच लावून, आत २-३ इंच पाणी भरा आणि बाहेरचा पत्रा कोरडा पुसून जिथे जिथे थेंब धरतो तिथे मार्करने खूण करा. ट्रेलरचा पुढचा दांडा वर-खाली केला की तेच पाणी पुढे-मागे नेऊन सगळा तळ तपासता येतो. जास्त पाणी मात्र भरू नका, कारण या आकाराच्या बोटीत ४ इंच पाणी म्हणजे ७००-८०० पौंडांचा भार होतो आणि तो पाण्यावर तरंगताना नव्हे, तर ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर पडतो. माझ्या दुसऱ्या बोटीला अशा ३७ खुणा झाल्या होत्या. एप्रिलच्या थंडीत बायकोने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरला, मी आतून शेपटीवर हातोडीचे मोजके ठोके दिले, आणि दोन संध्याकाळींत त्यांपैकी ३० थांबल्या. मोजके म्हणायचे कारण असे की जोर लावून ठोकत राहिल्यास पत्र्याचे भोकच मोठे होते. उरलेले ७ रिव्हेट काढून, सीलंट लावून नवे बसवले. एकट्याने करायचे असेल तर आंधळे रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारे, चालतात, पण बंद टोकाचेच घ्यावेत. साधे पॉप रिव्हेट पोकळ असल्यामुळे मधूनच पाणी आत घेतात. शेवटी शिवणींवर आतून पातळ, लवचिक इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट लेप) फिरवला की काम झाले. कोणी आधी डांबर किंवा सिलिकोन थापून ठेवले असेल तर मात्र वैताग आहे, कारण सिलिकोनच्या पुटावर नंतर काहीच धड चिकटत नाही आणि ते खरवडण्यात दिवस जातात.

आता मागच्या फळीकडे येतो, कारण निर्णय तिथे आहे. हिला ट्रान्सम म्हणतात, आणि बहुतेक बोटींत ती म्हणजे दोन्हीकडून पत्रा आणि मध्ये साधारण दीड इंच जाडीचे प्लायवूड. ते कुजलेले असणार, हे पाहण्याआधीच गृहीत धरा. खात्री हवी असेल तर आतल्या बाजूने जुन्या स्क्रूच्या भोकात बारीक ड्रिल फिरवा: कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड धड आहे, आणि काळपट, ओलसर, हाताला चिकटणारा लगदा आला तर ते संपले आहे. कुजलेले प्लायवूड बदलणे हे कष्टाचे पण सरळ काम आहे. जुन्या फळीचा साचा काढायचा, पाऊण इंची मरीन प्लायवूडचे दोन तुकडे इपॉक्सीने एकत्र चिकटवायचे, कडांसह सगळीकडून इपॉक्सीचे २-३ हात द्यायचे, आणि प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यातून योग्य मापाचे भोक पाडायचे म्हणजे बोल्टच्या वाटेने पाणी लाकडात शिरत नाही.

पण लाकूड काढल्यावर त्यामागचा पत्रा कसा निघतो, यावर बोट ठेवायची की नाही हे ठरते. अ‍ॅल्युमिनियम उघड्या हवेत टिकते ते त्याच्यावर आपोआप धरणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. ओले लाकूड, चिखल किंवा भिजलेला फोम वर्षानुवर्षे चिकटून राहिला की तिथे हवा पोहोचत नाही, तो थर पुन्हा धरत नाही आणि धातू जागोजागी पोखरला जातो. आपल्याकडच्या जुन्या जर्मनच्या टोपात मिठाचे पाणी राहून बुडाला जशी टाचणीएवढी भोके पडत, तसाच हा प्रकार आहे. पांढरी, खडूसारखी भुकटी दिसली की ती तारेच्या नव्हे, नायलॉनच्या ब्रशने झाडा आणि खाली काय उरले आहे ते टोच्याने दाबून पाहा. अशा बोटींचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. उथळ, विखुरलेले खड्डे असतील तर घासून इपॉक्सीने भरता येतात. हाताच्या दाबाने टोच्या अनेक ठिकाणी आरपार जात असेल, आणि विशेषतः ट्रान्समचा पत्रा तळाला जिथे रिव्हेटने जोडलेला असतो त्या कोपऱ्यात असे होत असेल, तर तिथेच थांबा. तो कोपरा इंजिनाचा सगळा जोर सोसतो आणि नवा रिव्हेट धरायला तिथे धातूच उरलेला नसतो.

माझी तिसरी बोट अशीच गेली. तिची फळी मी मोठ्या हौसेने बदलली होती, पण मरीन प्लायवूड महाग वाटले म्हणून दुकानातल्या माणसाचे ऐकून अंगणातल्या डेकसाठी वापरतात ते औषध पाजलेले प्लायवूड घातले, कारण ते 'कधीच कुजत नाही'. ते खरोखर कुजले नाही. पण अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकवाल्या औषधाऐवजी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली औषधे आली आहेत, आणि ओलावा मिळाला की तांबे अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खाते. चौथ्या उन्हाळ्यात ट्रान्समच्या खालच्या ओळीतून पाणी झिरपू लागले; फळी बाहेर काढली तेव्हा लाकूड अगदी नव्यासारखे होते आणि पत्र्यातून मला गॅरेजचा दिवा दिसत होता. म्हणून शेजाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: ही फळी यापूर्वी कोणी बदलली आहे का, आणि कशाने? मूळची कुजकी फळी निघाली तर मला आनंद होईल, आणि हिरवट झाक असलेले टणक लाकूड निघाले तर काळजी वाटेल. ट्रेलरवर बोट ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्याही याच नजरेने पाहा; तिथे बोटीचा तळ ओल्या कार्पेटवर वर्षभर बसून असतो. तळाला तांबेयुक्त रंग लावलेला आहे का, हेही विचारा. आणि बोट आयुष्यभर गोड्या पाण्यात होती की कधी समुद्रकिनारी राहिली, हेही विचारा, कारण खाऱ्या पाण्यात पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे भांडण फार वेगाने पेटते.

बाकांखालच्या फोमचे तसेच आहे. बाकांच्या पेटीत फोम भरलेला असतो तो बोट उलटली तरी बुडू नये म्हणून, आणि जुना फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसतो. या लांबीची रिकामी बोट साधारण २०० ते ३०० पौंडांची असते. दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना तिचे एक टोक सहज उचलता येत नसेल तर फोम भिजलेला आहे असे समजा. बाकाचा वरचा पत्रा सोडवून एक ठोकळा बाहेर काढा. उंदरांची घरटी निघतील, त्याचे विशेष वाटून घेऊ नका. नवा फोम म्हणून इमारतींना लावतात त्या गुलाबी किंवा निळ्या पॉलिस्टायरीनच्या पाट्या चालतात, पण पेट्रोल सांडले तर त्या विरघळतात, म्हणून इंधनाची टाकी असलेल्या कोपऱ्यात त्या उघड्या ठेवू नयेत. फोम टाकून देऊन 'तेवढे वजन वाचले' म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या बोटीत मी बसत नाही.

पोचे सोडून द्या. पोचा म्हणजे बोट कुठल्या तरी दगडावर बसली होती एवढाच त्याचा अर्थ आहे आणि त्याने काही बिघडत नाही. चीर मात्र पाहा, आणि ती बहुधा बरगडीच्या टोकाशी किंवा बाकाच्या कोपऱ्याशी सापडते, कारण पत्रा तिथेच वारंवार वाकतो. लहान चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तिची वाढ थांबवावी आणि वरून त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ सीलंटसह रिव्हेट करावे. वेल्डिंगचा नाद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे: पातळ जुन्या पत्र्याच्या सांध्यात तेल आणि मळ मुरलेला असतो, धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो तर त्यावरचा ऑक्साइड २,००० अंशांच्याही पुढे, आणि नवख्याच्या हातून चिरेचे भगदाड होते. मधला बाक कापून सपाट मजला करायचा मोह अनेकांना होतो. तोच बाक दोन्ही बाजू ताणून धरत असतो. तो काढलेली बोट मिळाली तर चिरा दुप्पट बारकाईने शोधाव्यात.

जुनी म्हणून बोटीला कमी लेखू नये, हेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचे पत्रे जोडण्याचे कसब अमेरिकेत बोटींकडे वळले; ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन यांना १९४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात जड कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) खांद्यावर वाहून न्यावी लागली आणि त्यातून त्या कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कनू निघाल्या. आपल्या राज्यात न्यूयॉर्क मिल्स आणि लिटल फॉल्स येथे त्याच दशकात सुरू झालेल्या कारखान्यांच्या बोटी मी आजही धक्क्यावर पाहतो.

इंजिन आणि ट्रेलर यांचा हिशोब बोटीत मिसळू नये. ट्रेलरचे बेअरिंग आणि टायर बदलायचेच आहेत असे धरून चाला. टायरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते सांगतात.

आता पैसे. माझ्या दुसऱ्या बोटीला इंजिन सोडून सुमारे ६०० डॉलर आणि ९० तास लागले. तेवढ्याच पैशांत थोडी भर घालून, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक बोटी विकायला काढतात तेव्हा, सरळ पाण्यात घालता येईल अशी बोट मिळू शकते. म्हणून ज्यांना फक्त मासे पकडायचे आहेत त्यांना मी दुरुस्ती सुचवत नाही. आपल्याला हातांनी काम करण्यात रस असेल आणि पत्रा वर सांगितल्याप्रमाणे धड निघाला, तर घ्या. मात्र येत्या मे महिन्याचा हट्ट सोडा, कारण घाईत लावलेला इपॉक्सी गारठ्यात नीट धरत नाही.

बोट अंगणात आणण्यापूर्वी शेजाऱ्यांकडून बोट आपल्याला दिल्याचा एक सहीचा कागद घ्या. १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींच्या ट्रान्समवर उजव्या बाजूला १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो त्या कागदावर उतरवून घ्या आणि नोंदणीच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. आतल्या बाजूला माणसे, वजन आणि अश्वशक्ती यांची मर्यादा सांगणारी पट्टीही असायला हवी. रंग खरवडताना ती जपा, आणि इंजिन घ्यायला जाल तेव्हा तिचा फोटो जवळ ठेवा. ट्रान्समची उंची १५ इंच आहे की २० इंच, हेही त्याच दिवशी मोजून ठेवा, म्हणजे चुकीच्या लांबीच्या दांड्याचे इंजिन गळ्यात पडणार नाही.