नातेवाइकांना शिकवलं, पण घरी गेल्यावर काय झालं?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. दहा-बारा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा नाकात भरवायची नळी (रायल्स ट्यूब), खाली लघवीची नळी (कॅथेटर) आणि हातात इंग्रजीत लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड होतं. मी हॉस्टेलवर, त्यामुळे सगळं आईनं केलं. आजोबांना पडून राहून जखमा (बेडसोअर) झाल्या, आईची कंबर धरली, झोप उडाली. आजोबा गेले, पण 'मीच कुठंतरी कमी पडले' हे तिचं अजून थांबलेलं नाही. पेशंटच्या घरच्या माणसांना आधार कसा मिळेल यावर मला संशोधन करायचं आहे. मॅडम म्हणतात, तयार विषय घ्या आणि ग्रुप प्रोजेक्ट संपवा. बाबा म्हणतात, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, जर्मन शीक आणि परदेशी जा. नर्सला संशोधनात खरंच करिअर असतं का, की एम.एस्सी. करून कॉलेजात ट्यूटरच व्हायचं?

प्रिय विद्यार्थिनी,

आधी आईबद्दल लिहितो. अर्धी बाजू लुळी पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, ट्यूब जागेवर आहे ना ते पाहून बसतं करून भरवायचं, कॅथेटरची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, पाठ कोरडी ठेवायची. वॉर्डात हे काम तीन शिफ्टमधल्या सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय मिळून करतात, तरीही तिथं बेडसोअर होतात. तुझ्या आईनं ते एकटीनं, कुणी हात धरून न शिकवता केलं. ती कमी पडली नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तू लेक म्हणून सांगितलंस तर ती म्हणेल, माझं मन राखतेस. म्हणून नर्स म्हणून सांग. कोणती जखम कशानं होते, ती टाळायला किती माणसं लागतात, हे तिला नीट समजावून दे.

आता तुझा प्रश्न. नर्सनं केलेल्या संशोधनानं काही बदलतं का, ते आधी पाहू. अमेरिकेत मेरी नेलर या नर्स-संशोधिकेनं फिलाडेल्फियातल्या दोन रुग्णालयांत 65 वर्षांवरच्या 363 रुग्णांचा अभ्यास केला. अर्ध्या रुग्णांना नेहमीसारखा डिस्चार्ज मिळाला. उरलेल्यांच्या घरी जाण्याची तयारी अनुभवी नर्सनं रुग्णालयातच सुरू केली आणि पुढं तीच नर्स त्यांच्या घरी जात राहिली. 24 आठवड्यांत पहिल्या गटातल्या 37 टक्के रुग्णांना पुन्हा भरती व्हावं लागलं, दुसऱ्या गटातल्या 20 टक्क्यांना. हा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला आणि डिस्चार्जनंतरच्या देखभालीचा विचार करणारे आजही तो आधाराला घेतात. दुसरं उदाहरण लिंडा एकन यांचं. त्याही मूळच्या नर्सच. 2014 साली त्यांच्या गटानं युरोपातल्या 9 देशांमधल्या 300 रुग्णालयांची आणि शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांची माहिती मांडली. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की ती तेवढीच कमी होते, असं त्यात दिसलं. पदवीसाठी चार वर्षं कशाला घालवायची, असं तुला कुणी म्हणालं असेल तर हा अभ्यास त्यांच्यापुढं ठेव.

आपल्याकडचं चित्र मात्र वेगळं आहे आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. निव्वळ संशोधन करणाऱ्या नर्ससाठी पदं फार थोडी आहेत. मोठ्या रुग्णालयांतल्या प्रकल्पांवर रिसर्च नर्स किंवा स्टडी कोऑर्डिनेटर घेतात, पण ती बहुतेक वेळा कंत्राटी नेमणूक असते. एम.एस्सी. झालेल्या बहुतेक जणी अध्यापनात जातात हेही खरं. पण अध्यापनाकडं तू ज्या नाराजीनं बघतेस ती मला पटत नाही. स्वतःचं मोठं रुग्णालय असलेल्या कॉलेजात शिकवणारी बाई रोज वॉर्डात उभी असते, तिच्या हाताखाली दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, आणि दहा वर्षं एकाच प्रश्नामागं लागायची मुभा तिला असते. फक्त भाड्याच्या चार खोल्यांतलं, वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामासाठी (क्लिनिकल पोस्टिंग) दुसऱ्याच्या दारात जाणारं कॉलेज निवडू नकोस.

खरी अडचण मला दुसरीच दिसते. तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि जुन्या प्रबंधांची कपाटं उघड. 'अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, निवडक रुग्णालयातील अभ्यास' या साच्यातली शीर्षकं तुला ओळीनं दिसतील. आधी प्री-टेस्ट, मग तक्ते दाखवून अर्ध्या तासाचं भाषण, आठवड्यानं पोस्ट-टेस्ट. गुण वाढतात, कारण उत्तरं नुकतीच सांगितलेली असतात. प्रबंध बांधून कपाटात जातो. पेशंटच्या पाठीवर जखम झाली का, नळी निघाली तेव्हा घरच्यांनी काय केलं, रात्री दोन वाजता कुणाला फोन केला, हे त्यात कुठंच येत नाही. 'तयार विषय' म्हणतात तो बहुधा हाच. मॅडमना दोष देत नाही, त्यांच्यावर किती गटांचं ओझं असतं ते मला ठाऊक आहे. पण तुझ्यासारख्या मुलीनं या वाटेनं जावं असं मला वाटत नाही.

शिकवणं आणि आधार मिळणं यात किती अंतर आहे, हे भारतातल्याच एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं. अटेंड नावाची ही चाचणी लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 रुग्णालयांत केली. अर्धांगवायूचे 1250 रुग्ण त्यात होते. एका गटातल्या नातेवाइकांना रुग्णालयातच व्यायाम, उठवणं-बसवणं, रोजची कामं करून घेणं हे शिकवलं आणि नंतर घरभेटीही दिल्या. सहा महिन्यांनी मृत्यू झालेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण मोजलं, तर ते दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के निघालं. 2017 साली हा निकाल 'लॅन्सेट'मध्ये जसाच्या तसा छापून आला. संशोधन म्हणजे काय, ते मला इथं दिसतं. कल्पना चांगली होती, माणसं तळमळीची होती, तरी फरक पडला नाही हे त्यांनी सांगितलं. मी त्यातून असं समजतो की पुनर्वसनाचं कुशल काम बिनपगारी नातेवाइकावर सोपवून भागत नाही. शिकलेल्या माणसाकडं वेळही हवा, ताकदही हवी आणि अडल्यावर विचारायला कुणीतरी हवं.

याच्या शेजारी गोव्यातला अभ्यास ठेवून बघ. डॉ. अमित डायस आणि 'संगत' संस्थेच्या गटानं दोन तालुक्यांतल्या, घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या 81 कुटुंबांसोबत काम केलं. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते नियमित घरी जायचे, आजार समजावून सांगायचे, चिडचिड आणि हट्ट कसा हाताळायचा ते बोलायचे, आणि सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यायचे. त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णाच्या स्वतःच्या क्षमतेत ठोस फरक दिसला नाही, पण सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि त्याचा त्रास कमी झाला. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. तुझ्या आईसारख्या बाईला त्या दिवसांत कुणी असं भेटलं असतं तर, हा तुझा प्रश्न आहे ना? मग मोजायचं काय ते इथून घे.

ग्रुप प्रोजेक्टपुरतं माझं म्हणणं असं : यंदा काही शिकवू नका, फक्त नीट बघा. अर्धांगवायूचे पेशंट घरी जातात तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या माणसांना कुणी, काय, किती वेळ सांगितलं? ते करून दाखवायला सांगितलं का, की नुसतं 'समजलं ना?' विचारून मान डोलावून घेतली? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सांगितलं कुणाला? कार्ड समजावलं जातं ते बिल भरायला उभ्या असलेल्या मुलाला किंवा जावयाला. घरी गेल्यावर काम करणार असते सून, बायको, लेक किंवा ब्युरोतून आणलेली बाई, आणि ती त्या वेळी बहुतेकदा सामान आवरत असते किंवा घरी स्वयंपाक करत असते. हे किती वेळा घडतं, एवढं जरी तुमच्या गटानं तीसेक कुटुंबांत नीट नोंदवलं तरी ते त्या कपाटातल्या पुष्कळ प्रबंधांपेक्षा उपयोगी ठरेल. पुढं आठवड्यानं फोन करून एकच मोकळा प्रश्न विचारा : घरी आल्यावर पहिल्यांदा कुठं अडलं?

यासाठी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांच्या हिताची काळजी घेणाऱ्या समितीची मंजुरी लागेल आणि फोनसाठी कुटुंबाची आधीच लेखी संमती. एक गोष्ट प्रस्तावात आवर्जून लिही. फोनवर कुणी सांगितलं की नळी निघाली आहे, भरवताना ठसका लागून पेशंटला दम लागला आहे, ताप उतरत नाही, तर तुम्ही काय करणार? 'आम्ही फक्त माहिती गोळा करतो' हे उत्तर नर्सला शोभत नाही. कोणत्या डॉक्टरांना कळवायचं, कुटुंबाला कुठं पाठवायचं, हे आधी ठरवून ठेवा. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायला झॅरिटची 22 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. ती घ्यायची असेल तर स्वतः घाईनं भाषांतर करू नका. तपासलेली मराठी आवृत्ती आणि वापराची परवानगी मिळते का ते बघा, नाहीतर साध्या मोकळ्या मुलाखती घ्या.

पदवीनंतर लगेच एम.एस्सी.चा विचार सोड. त्या प्रवेशासाठी नोंदणीनंतर किमान एका वर्षाचा अनुभव लागतोच. मी तर म्हणेन, दोन-तीन वर्षं न्यूरो किंवा मेडिसिनच्या वॉर्डात काढ. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठीची नॉरसेट परीक्षा दे. नागपूरचं एम्स त्यात आहे. बेडजवळ उभं राहिल्याशिवाय डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरला पाच मिनिटंही का मिळत नाहीत ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय तू सुचवलेला उपाय कुठल्याच वॉर्डात टिकणार नाही. सुट्टीत पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषा केंद्राला परवानगी काढून जाऊन ये. 1997 पासून चालू असलेल्या या केंद्रात रुग्णासोबत त्याच्या घरच्या माणसालाही राहता येतं आणि त्याला शिकवलंही जातं. केरळात कोझिकोडला 1993 पासून उभं राहिलेलं अशाच शुश्रूषेच्या घरभेटींचं कामही नर्सच्याच पायांवर चालतं. तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी कर.

एम.एस्सी.ला मेडिकल-सर्जिकल घ्यायचं की कम्युनिटी हेल्थ, हे विचारशील तेव्हा मी कम्युनिटी हेल्थ म्हणेन, कारण तुझा पेशंट वॉर्डातून निघाल्यावर तुझं काम सुरू होतं. सांभाळणाऱ्याच्या मनावरच काम करायचं असं पुढं वाटलं तर मानसिक आरोग्य हा विषय घे आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत प्रवेशाचा प्रयत्न कर. पीएच.डी.साठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचं राष्ट्रीय कन्सॉर्शिअम (संस्थांचा एकत्रित कार्यक्रम) आहे, पण तो विचार एम.एस्सी.नंतर.

बाबांचं चुकीचं नाही. कर्ज खरं आहे आणि ते फेडायचं आहे. हप्ते कधी सुरू होतात ते बँकेकडून लेखी घ्या आणि त्यावरून ठरवा. जावं लागलंच तर त्यानं तुझा विषय सुटतो असंही नाही. जर्मनीला साधारण बी-टू पातळीची भाषा लागते, तयारीला बराच वेळ जातो, म्हणून वर्ग आत्ता लावायला हरकत नाही. ब्रिटनला गेलीस तर रुग्णालयातच न थांबता डिस्ट्रिक्ट नर्सिंगकडं, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या कामाकडं वळायचा प्रयत्न कर. चार-पाच वर्षांनी परत आलीस तर ते शिकून येशील, जे इथं आपल्याला उभं करायचं आहे. फक्त एजंटला पैसे देऊ नकोस आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या हातात ठेवू नकोस.

विषय देण्याची तारीख जवळ असेल. त्याआधी मॅडमना एक पानाचा आराखडा लिहून दाखव : किती कुटुंबं, कोणता वॉर्ड, कोणते प्रश्न, गटातलं कोण काय करणार. काम वाढणार नाही हे त्यांना कागदावर दिसलं तर त्या बहुतेक होकार देतील. मुलाखतीचे प्रश्न तयार झाले की मला पाठव. ते आधी आईला विचारून बघ, आणि ती जिथं थांबते किंवा बिचकते तिथं खूण कर.