पीटर पॅनला शोधायला निघालीस तर

पोरी,

तुझा मेसेज वाचला. लंडनला शिकायला चाललीस आणि सुट्ट्यांमध्ये पीटर पॅनचे, म्हणजे गोष्टीतल्या त्या कधीच मोठं न होणाऱ्या मुलाचे, पुतळे शोधत फिरायचं म्हणतेस, इतका आनंद झाला ना की फोन न करता लिहायलाच बसले.

सुरुवात केन्सिंग्टन गार्डन्सपासूनच कर. लँकेस्टर गेट स्टेशनला उतर, इटालियन गार्डन्समधून आत जा आणि पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहा, सापडतोच. सकाळी लवकर जा. पीटर पॅनची गोष्ट लिहिणाऱ्या बॅरीने हा पुतळा शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्प्टनकडून करून घेतला आणि १९१२ साली ३० एप्रिलच्या रात्री गुपचूप बसवला, का तर १ मेला बागेत आलेल्या पोरांना वाटावं की हा रातोरात जादूने उगवलाय. म्हणून म्हणते, गर्दी नसताना बघ. आणि वरच्या मुलाचा फोटो काढून लगेच वळू नकोस, खाली बस, तो ज्या बुंध्यावर उभाय त्याच्याभोवती ससे, उंदीर, खारी, पऱ्या आहेत, ते सगळं लहान मुलाच्या उंचीवरूनच नीट दिसतं.

आता खरी गंमत. ह्याच पुतळ्याच्या आणखी सहा प्रती जगात आहेत: ब्रसेल्स, सेंट जॉन्स, कॅम्डेन, पर्थ, लिव्हरपूल आणि टोरोंटो. मग एकच पुतळा सात वेळा कशाला बघायचा, असं तुला कुणीतरी विचारेलच. पुतळा एकच गं, पण तो तिथे का आला ते प्रत्येक गावात वेगळं. कॅनडातल्या सेंट जॉन्सचं घे. फेब्रुवारी १९१८ मध्ये फ्लोरिझेल नावाचं जहाज किनाऱ्याजवळच खडकावर आदळलं, ९४ माणसं गेली, त्यात बेटी मन नावाची चिमुरडी होती, चार वर्षांचीही नव्हती, वडीलही तिच्यासोबतच गेले. बोअरिंग पार्कमधला पीटर पॅन तिच्या आठवणीत १९२५ साली उभा केलाय. मोठं न होणारा मुलगा आणि मोठी होऊ न शकलेली ती मुलगी... मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

लिव्हरपूलला मात्र मी ट्रेनच्या घाईत सेफ्टन पार्कमधून दहा मिनिटांत परत फिरले, ते अजून सलतं. तू अख्खी दुपार ठेव.

ब्रसेल्सला एग्माँ पार्कमध्ये आहे, पण यूकेचा व्हिसा तिथे चालत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, ते आधीच बघून ठेव. आणि न्यू जर्सीला मावशीकडे जाशील तेव्हा कॅम्डेन सोडू नकोस, फिलाडेल्फियासमोर, नदीपलीकडेच आहे. आजोबांच्या तबकड्यांवर ग्रामोफोनपुढे बसलेलं कुत्रं आठवतंय ना, तेच चित्र अमेरिकेत वापरणाऱ्या व्हिक्टर कंपनीच्या एल्ड्रिज जॉन्सनने १९२६ मध्ये तो तिथे आणला. माझा तो बघायचा राहिलाय, तेव्हा समोर उभी राहिलीस की आधी मला व्हिडिओ कॉल लाव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशीची मैत्रीण