गोव्याआधी एक सही करायची राहिली आहे

छत्रपती संभाजीनगरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३९, वाळूजच्या कारखान्यात नोकरी, महिन्याला हातात ८८ हजार येतात. घरात पत्नी, ११ आणि ६ वर्षांची दोन मुलं आणि ७१ वर्षांची आई. आईंनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही एसटीच्या खिडकीतून. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी दक्षिण गोव्यात, अगदी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये चार रात्री राहायचं ठरतंय. मध्येच मॉलमध्ये कूपन भरलं, फोन आला, दोन तासांचं प्रेझेंटेशन झालं. आता प्रश्न असा आहे की सरळ खोल्या बुक कराव्यात, की साडेचार लाखांची २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घ्यावी? डाउन पेमेंटचे ९० हजार पॉलिसीवर कर्ज काढून द्यायचा विचार आहे, "म्हणजे आपलेच पैसे वापरल्यासारखं होईल."

मेंबरशिप घेऊ नका. साडेचार लाख बँकेत ठेवले तर वर्षाला ३० हजार व्याज येईल. त्यात मेंबरशिपची वर्षाची फी २२ हजार मिळवा, झाले ५२ हजार. त्यात सात रात्री मिळतात, पण चौघांच्या एका स्टुडिओत. तुम्ही पाच जण आहात आणि आईंना वेगळी खोली लागणार, म्हणजे सात रात्रींच्या साडेतीन झाल्या. दोन खोल्यांचे रात्रीला १५ हजार पडले. बाजारभावही जवळपास तेवढाच आहे. फरक इतकाच, की खोल्या स्वतः बुक केल्या तर साडेचार लाख तुमच्याच नावावर राहतात. शिवाय फी दरवर्षी वाढणार आणि दिवाळीत हवी ती तारीख मिळेलच असं नाही. "आजच सही केली तर ६० हजार सूट" असं म्हणणाऱ्या टेबलावरून उठून यावं.

आता पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येतो. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, मी मात्र तिथेच थांबलो. चार पॉलिसी आहेत, मेव्हण्यांनी दिलेल्या. वर्षाला १ लाख २० हजार हप्ता, सहा वर्षं भरून झाली, अजून १४ भरायची. विमा रक्कम चारही मिळून २४ लाख. घराचं कर्ज ३४ लाख बाकी, हप्ता ३१ हजार. टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, नाही, "कारण काही झालं नाही तर पैसे परत मिळत नाहीत." आणि शुगर बॉर्डरवर आहे, गोळी अजून सुरू नाही.

उद्या तुम्ही नसलात तर काय, हे कागदावर मांडू. कर्ज ३४ लाख. घरखर्च महिन्याला ४५ हजार म्हणजे वर्षाला साडेपाच लाखांच्या आत. व्याज महागाईत जिरेल असं धरून २० वर्षांचे १ कोटी ८ लाख. मुलांच्या शिक्षणाचे ३० लाख. एकूण १ कोटी ७२ लाख. समोर काय आहे? पॉलिसींचे बोनससकट ३० लाख, पीएफ आणि त्यासोबतचा विमा मिळून १७ लाख. सव्वा कोटीचा खड्डा आहे. पत्नीच्या शिकवणीच्या १२ हजारांत तो भरणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, नवऱ्याचे दिवसवार नुकतेच झालेले. कापडी पिशवीतून त्यांनी सात पॉलिसी काढून टेबलावर ओळीने मांडल्या. सात म्हणजे पुष्कळ असतील, असं त्यांना वाटत होतं. बेरीज ११ लाख झाली. दोन पॉलिसींवर कर्ज काढलेलं होतं, ते व्याजासह वजा झालं. घराचा हप्ता २७ हजार होता. त्या मला पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होत्या, "पण सात आहेत ना?" पॉलिसीवरचं कर्ज म्हणजे "आपलेच पैसे", हे वाक्य वाचलं की मला तो टेबल आठवतो. तुमचे पैसे तिथे साडेपाच टक्क्यांनी वाढतात आणि तुम्ही तेच साडेनऊच्या आसपास उसने घेणार. मध्येच काही झालं तर ते घरच्यांच्या रकमेतून कापले जाणार.

मुदतीअंती, म्हणजे अजून १४ वर्षांनी, मिळतील म्हणून सांगितलेले ४५ लाखही आज पाहिलेत तर ६ टक्के महागाईने २० लाखच आहेत. सुरुवातीपासून हाच हप्ता पीपीएफमध्ये भरला असता तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ५३ लाख झाले असते. कर वाचतो म्हणून घेतल्या म्हणता. तुम्ही नव्या कररचनेत आहात, तिथे हप्त्यांवरची ८०सीची वजावट नाहीच आणि तुमच्या पगारावर २०२५-२६ पासून करही लागत नाही.

तरी चिडून चारही बंद करू नका. सहा वर्षं गेलीत. आज पेड-अप केल्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशाच ठेवल्या, तर मुदतीअंती १३-१४ लाख मिळतील, उरलेले हप्ते पीपीएफमध्ये गेले तर २९ लाख, बेरीज ४३. म्हणजे फार फरक नाही. हा माझा अंदाज आहे, त्यामुळे पेड-अप आणि सरेंडरचे (पॉलिसी मोडली तर मिळणारे) आकडे कंपनीकडून लेखी मागवा. त्यातल्या दोन पेड-अप करून टर्मच्या हप्त्यासाठी आणि बचतीसाठी पैसे मोकळे करणं मला पटतं. मेव्हण्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, पण नात्यासाठी भरायला हा हप्ता फार मोठा आहे.

टर्म पॉलिसी दीड कोटीची, साठीपर्यंतची घ्या. साधारण वीस-पंचवीस हजार हप्ता पडेल, शुगरमुळे थोडा जास्तही. पण शुगर लपवू नका, कोणी "लिहायची गरज नाही" म्हटलं तरी. पहिल्या तीन वर्षांत कंपनी ही माहिती उकरून दावा नाकारू शकते. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या, म्हणजे पैसे पत्नी आणि मुलांचेच राहतात, कर्ज देणाऱ्यांना हात लावता येत नाही. हे अर्ज भरतानाच सांगावं लागतं. आणि ती हातात येईपर्यंत जुना एकही हप्ता थांबवू नका. गोळी सुरू होण्याआधी हे उरकायला हवं, म्हणून या आठवड्यातच अर्ज करा.

आणि गोव्याला जरूर जा. बोनसचे ७० हजार आणि बचतीतले ४० हजार, एवढ्यात होतं. बचत २ लाख १० हजारांवरून १ लाख ७० हजारांवर येईल, ती पुढच्या वर्षी भरून काढा. पाडवा-भाऊबीज ते लाभपंचमी हे दिवस टाळा, सुट्टीचा दुसरा आठवडा धरा. खोली ७,५०० च्या आत बसवा: ७,४०० च्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागून ७,७७० होतात, ८ हजारांच्या खोलीवर १८ टक्के लागून ९,४४०. दोन खोल्या, चार रात्री म्हणजे १३ हजारांचा फरक. बाणावली, वार्का, केळशी या पट्ट्यात बघा. गाडीने जाताना कोल्हापूरला मुक्काम केलात तर आईंना अंबाबाईचं दर्शनही होईल.

बुकिंगआधी रिसॉर्टला फोन करून तीन गोष्टी विचारा. आईंची खोली तळमजल्यावर मिळेल का, तिथून वाळूपर्यंत पायऱ्या किती, आणि त्यांना बसायला खुर्ची पाण्याजवळ नेऊ देतात का. खर्च वाढतोय असं वाटलं तर मुलांचे वॉटर स्पोर्ट्स कमी करा, आईंची खोली नको.