समुद्र की जमिनीवरचं पाणी? पणजीहून विचारणाऱ्या मित्राला

तू विचारलंस की पणजीत सहा वर्षं डेव्हलपरची नोकरी झाली, आता मास्टर्स करून युरोपात यायचंय, तर ओशनोग्राफी (समुद्राचा अभ्यास) घेऊ की हायड्रोलॉजी (जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या पाण्याचा), आणि दोनापावलाला एनआयओसमोरून, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसमोरून, रोज जातोस म्हणून मन समुद्राकडे ओढतंय. मी म्हापशाचा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन आठ वर्षं झाली, दोन्हीकडे काम केलंय, म्हणून सांगतो.

कोडिंगच्या बाजूने फार फरक नाही रे. दोन्हीकडे नेटसीडीएफ फायली (आकड्यांचे मोठे तक्ते ठेवायच्या), पायथन, त्या फायली वाचणारी त्याची एक्सअरे लायब्ररी, आणि खाली जुनी फोर्ट्रान भाषा. समुद्रवाल्यांचं नेमो हे कॉम्प्युटर मॉडेल फोर्ट्रानमध्ये, भूजलवाल्यांचं मॉडफ्लो हे मॉडेलपण त्यातच, ते तर १९८४ पासून चालत आलंय. फोर्ट्रान वाचता आलं तरी सुरुवातीला पुरतं.

खरा फरक आहे तो पगार कुठून येतो यात. समुद्राचं काम बहुतेक संशोधन संस्थांत, प्रोजेक्टवर, दोन-तीन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. माझी पहिली नोकरी तसलीच, आर्गो फ्लोटांच्या, म्हणजे समुद्रात सोडलेल्या तरंगत्या मोजणी यंत्रांच्या, डेटावर. ते यंत्र दर १० दिवसांनी २००० मीटर खालून तापमान आणि खारटपणा मोजत वर येतं, आणि तो डेटा कोणालाही फुकट मिळतो, मला ते काम खूप आवडायचं. पण दोन वर्षांनी फंडिंग संपलं, तेव्हा बायकोला पाचवा महिना चालू होता आणि मी इथे राहायच्या परमिटला किती दिवस उरले ते मोजत बसलेलो.

जमिनीवरच्या पाण्याला मात्र रोजचं गिऱ्हाईक आहे. इथे २१ वाटरस्खाप आहेत, म्हणजे पाणी सांभाळणारी मंडळं, निवडणूक होते, कर वेगळा घेतात, त्यांना पंप, कालवे, बांध यांसाठी मॉडेलवाली माणसं सतत लागतात, शिवाय कन्सल्टन्सी आहेतच. १९५३ च्या पुरात या देशात १,८३६ माणसं गेली, ते इथले लोक अजून विसरलेले नाहीत. पण भाषा! समुद्राचं काम इंग्रजीत निभतं, वाटरस्खापची मीटिंग डचमध्येच होते. मला हे आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून आल्याबरोबर शिकलो नाही, आणि त्यात माझं एक वर्ष गेलं.

आता माझं मत. हायड्रोलॉजी किंवा हायड्रॉलिक्स घे, पण थीसिस खाडीवर कर, दोन्ही पाणी जिथे मिसळतात तिथे. आपल्या मांडवीत भरती जवळपास ५० किलोमीटर आत जाते, ते बघत वाढलेल्या माणसाला खाडी म्हणजे काय हे इथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. माझंच बघ, मामाच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) मानस होती, म्हणजे बांधातली लाकडी दारं, भरतीच्या दाबाने आपोआप मिटायची, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायची. इथे एका खाडीच्या मॉडेलमध्ये आतली जमीन खारट होत चालली होती, दोन दिवस टीम बाउंड्रीचे, म्हणजे मॉडेलच्या कडेला दिलेले, आकडे तपासत होती, मी गेटची कंडिशन उघडली तर लेस दॅनच्या जागी ग्रेटर दॅन. मानस उलटी बसवलेली!

डेल्फ्ट३डी या पाण्याच्या मॉडेलचा सोर्स कोड २०११ पासून खुला आहे, ते उतरवून या पावसाळ्यात एक छोटी खाडी चालवून बघ. आणि डचचा क्लास आजच लाव.