सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलंय. एक डॉक्टर म्हणतात काही नाही, दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या. काय करू?

तुमची घालमेल कळते, मीही यातून गेलोय. सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. यकृत कडक होऊ लागलंय का, हे त्यातून नीट कळत नाही. म्हणून पुढच्या भेटीत विचारा, "माझा फिब-४ किती?" हा यकृत कडक होण्याचा धोका सांगणारा आकडा; वय, एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट यांवरून तो काढतात. १.३ च्या खाली असेल तर धोका सहसा कमी, वर असेल तर फायब्रोस्कॅनचं, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा. शुगरही तपासून घ्या.

वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के हळूहळू उतरवणं हाच मुख्य उपचार, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो. मी रोज सकाळी रंकाळ्याला भरभर चालतो. पांढरा रस्सा सोडला नाही, रविवारी एक वाटी घेतो. दारू मात्र पूर्ण बंद. आणि हो, आपल्याकडे गुळाचा चहा चालतो असं समजतात, पण गूळही साखरच.

'लिव्हर साफ' करणारे काढे कृपा करून घेऊ नका. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं कोविडकाळात मुंबईतच नोंदली गेली आहेत.