स्कॉलरशिप जाईल म्हणून गप्प बस, असं लेकीला सांगू नका

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या एका वडिलांनी लिहिलंय. लेक बारावीत आहे, सतरा वर्षांची, टेनिस खेळते आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीची स्पोर्ट्स स्कॉलरशिपची ऑफर हातात आहे. त्याच युनिव्हर्सिटीत काही वर्षांपूर्वी खेळाडूंचं लैंगिक शोषण दाबून ठेवल्याचं प्रकरण बाहेर आलं होतं (नाव त्यांनी कळवलंय, मी इथे देत नाही). त्यांचे प्रश्न असे: उद्या एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांची संघटना) कारवाई केली तर स्कॉलरशिप जाईल का, डिग्रीला किंमत राहील का, आणि जुन्या लोकांच्या पापासाठी एनसीएएने आख्ख्या युनिव्हर्सिटीला शिक्षा करावी तरी का? मुलगी जायला कां-कूं करतेय, तिला समजवा, असंही म्हणतात.

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण आधी पत्राच्या शेवटाबद्दल बोलू दे, कारण तो वाचल्यापासून मला बाकी काही सुचत नाहीये. तुम्ही लिहिलंय, ‘मी तिला सांगितलंय, तिथे कोणी वावगं वागलं तरी चार वर्षं दुर्लक्ष कर, डिग्री हातात पडेपर्यंत तोंड उघडू नकोस, कर्ज काढून इथवर आणलंय.’ आणि त्याच्या वरच्याच ओळीत ती तुम्हाला विचारतेय, ‘बाबा, तिथे काही झालं तर मी कोणाला सांगायचं?’ तुम्ही याला बहाणे म्हणता. अहो, या सगळ्या पत्रात सगळ्यात शहाणा प्रश्न तिचा आहे आणि त्याला तुम्ही उत्तरच दिलेलं नाही, वर कर्जाचं ओझं तिच्या तोंडावर ठेवलंत.

टेनिस कोर्टाचं भाडं, रॅकेट, स्पर्धांचे प्रवास, हे सगळं मध्यमवर्गीय घराला किती महाग पडतं ते मला माहितीये, तुमच्या पोटातली भीती खरी आहे. पण ही प्रकरणं वर्षानुवर्षं दाबली जातात कशी ते बघा. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत जेरी सँडस्की हा फुटबॉलचा असिस्टंट कोच, त्याने गरीब घरातल्या मुलांसाठी संस्था काढली होती आणि त्याच मुलांचं तो शोषण करत होता. 2000 साली तिथल्या एका सफाई कामगाराने शॉवरमध्ये त्याला मुलासोबत डोळ्यांनी बघितलं, सोबतच्या कामगारांना सांगितलं, आणि नोकरी जाईल म्हणून सगळे गप्प बसले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका तरुण असिस्टंटने असाच प्रकार बघून हेड कोच जो पॅटर्नोला सांगितलं, त्याने वर सांगितलं, वरच्यांनी ठरवलं की सँडस्कीला सांगू की मुलांना कॅम्पसवर आणू नकोस. पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. त्याला अटक झाली थेट नोव्हेंबर 2011 मध्ये. सफाई कामगाराला नोकरीची भीती, तुमच्या लेकीला स्कॉलरशिपची भीती, आणि अशी माणसं बिनधास्त राहतात ती याच भीतीच्या भरवशावर. तुम्ही ती भीती घरूनच तिच्या बॅगेत भरून पाठवताय. हे मला फार टोचलं, म्हणून स्पष्ट लिहितेय.

आता कारवाईचं. तुमचा एक समज इथे सोडवायलाच पाहिजे, तो म्हणजे एनसीएए ही कोर्टासारखी किंवा सरकारी काहीतरी आहे आणि शोषण झालं की ती युनिव्हर्सिटीला शिक्षा करतेच. तसं नाहीये. एनसीएए ही युनिव्हर्सिट्यांनी मिळून चालवलेली संघटना आहे आणि तिची नियमावली मुख्यतः खेळाच्या स्पर्धेची आहे, म्हणजे कोणाला जास्तीचे पैसे दिले, कोण पात्र नसताना खेळला वगैरे. पेन स्टेटच्या बाबतीत तिने जुलै 2012 मध्ये नेहमीची चौकशीची पद्धत बाजूला ठेवून, युनिव्हर्सिटीने नेमलेल्या लुई फ्री यांच्या समितीच्या रिपोर्टवरून थेट शिक्षा लावली: 6 कोटी डॉलर दंड, चार वर्षं सीझनअखेरच्या बाऊल सामन्यांना बंदी, स्कॉलरशिपमध्ये कपात, आणि 1998 पासूनचे 112 विजय रेकॉर्डमधून काढून टाकले. मग सप्टेंबर 2014 मध्ये बंदी उठवली आणि जानेवारी 2015 मध्ये ते विजय परतही दिले. याच्या उलट मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी बघा. तिथला डॉक्टर लॅरी नासर लैंगिक शोषण करतो हे मुलींनी 1997 पासून सांगितलं होतं, 2014 मध्ये युनिव्हर्सिटीने स्वतःची चौकशी करून त्याला निर्दोष ठरवून पुन्हा कामावर घेतलं, शेवटी 2018 मध्ये पीडितांना 50 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि एनसीएए त्याच वर्षी म्हणाली की आमचा कुठलाही नियम मोडलेला दिसत नाही. बेलर युनिव्हर्सिटीचं तर वाचून माझं डोकं फिरलं होतं. तिथे बलात्काराच्या तक्रारी नीट हाताळल्या गेल्या नाहीत हे उघड झालं, पण 2021 मध्ये एनसीएएच्या समितीने म्हटलं की हा हलगर्जीपणा सगळ्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत होता, फक्त खेळाडूंना वाचवलं असं नाही, म्हणून आमच्या नियमात बसत नाही! बाकीच्या चुकांसाठी चार वर्षांचं प्रोबेशन आणि 5,000 डॉलर दंड.

तेव्हा एनसीएएने शिक्षा करावी का, तर माझं मत हो, करावी, कारण ज्या संघटनेला पोराने कोणाकडून किती पैसे घेतले याची चौकशी करायला वेळ असतो तिला पोरांच्या शरीराची जबाबदारी नको, हे चालणार नाही. पण पेन स्टेटसारखी नको. तिथे स्कॉलरशिपची संख्या कापली, आणि बाऊलबंदी भोगली ती प्रकरण झालं तेव्हा शाळेत असलेल्या पोरांनी. त्यांना दुसरीकडे जायची मुभा दिली हे खरं, पण मित्र, कोर्स, टीम सोडून जाणं ही काय सवलत झाली? दुसरं म्हणजे आख्ख्या टीमला शिक्षा होणार असेल तर टीममधल्या प्रत्येकाला लपवायला अजून एक कारण मिळतं. शिक्षा व्हावी ती दाबणाऱ्यांना, नावानिशी: त्या कोचला, डायरेक्टरला, प्रेसिडेंटला कायम कुठल्याच कॉलेजच्या खेळात पद नाही, दंडाचा पैसा पीडितांच्या उपचाराला, आणि बाहेरचा देखरेख करणारा माणूस काही वर्षं कॅम्पसवर. जी युनिव्हर्सिटी स्वतःहून पोलिसांकडे जाते तिला खेळाची शिक्षा नको, जी लपवते तिला जबर. आणि हे नियम आधी लिहून ठेवलेले पाहिजेत, पेपरात बोंब झाल्यावर सुचलेले नकोत. पेन स्टेटच्या तीन मोठ्या अधिकाऱ्यांवरचा फौजदारी गुन्हा 2017 मध्ये सिद्ध झाला, त्यात प्रेसिडेंट ग्रॅहम स्पॅनियर होते, पण प्रत्यक्ष तुरुंगवास जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. एवढ्यावर कोणाला धाक बसेल असं मला वाटत नाही.

तुमच्या लेकीपुरतं सांगायचं तर जुन्या प्रकरणावरून एनसीएए तिची स्कॉलरशिप काढून घेईल ही शक्यता फार कमी आहे, डिग्रीलाही काही होत नाही, वरच्या तिन्ही युनिव्हर्सिट्यांच्या डिग्र्या आजही चालतात. एनसीएएची पात्रता, मार्कशीटा, एफ-1 हा विद्यार्थ्यांचा व्हिसा हे तुमचा एजंट बघेलच. बघायचं ते वेगळं आहे. ऑफर एका वर्षाची आहे की चार वर्षांची, आणि काढायची झाली तर कोणत्या कारणासाठी, हे लेखी घ्या, कारण ‘तक्रार केली तर स्कॉलरशिप जाईल’ ही भीती अर्धी तिथेच मिटते. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक युनिव्हर्सिटीला टायटल नाईन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा, लैंगिक छळ त्यातच येतो) कोऑर्डिनेटर नेमावा लागतो, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवायला त्या कायद्यात मनाई आहे, परदेशी विद्यार्थ्यांनाही तो लागू आहे. क्लेरी कायद्याखाली कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा रिपोर्ट दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो, तो वेबसाईटवर असतो, तीन वर्षांचे आकडे एकत्र बघायला मिळतात. नुसते आकडे कमी आहेत म्हणून खूश होऊ नका, शून्य तक्रारी म्हणजे कोणी सांगत नाही असंही असू शकतं. सेफस्पोर्ट ही तिथली संस्था खेळातल्या शोषणाबद्दल कारवाई झालेल्यांची यादी ठेवते, कोचचं नाव तिच्यात शोधा. आणि तिने स्वतः, तुम्ही नाही, सध्याच्या टीममधल्या दोन मुलींशी आणि सोडून गेलेल्या एकीशी कोच लाईनवर नसताना बोलावं. ट्रेनर एकट्या मुलीला बंद खोलीत तपासतो का, दौऱ्यावर खोल्या कशा वाटतात, तक्रार केली त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तिने विचारावं. प्रकरण झालेली युनिव्हर्सिटी आपोआप वाईट असं मी म्हणत नाही, उलट काही ठिकाणी त्यानंतरच व्यवस्था सुधारल्यात, पण उत्तर देताना कोच चिडला किंवा विषय बदलला तर माझ्या मते तिथे जाऊच नये, शंभर टक्के स्कॉलरशिप असली तरी.

आणि हे फक्त अमेरिकेचं समजू नका. तुमची लेक आज सतराची आहे, आपल्याकडे अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. 2023 मध्ये आपल्या ऑलिम्पिक पदकविजेत्या कुस्तीपटूंना जंतरमंतरवर बसावं लागलं कारण फेडरेशनमध्ये सांगायला जागाच नव्हती. तिने हे सगळं टीव्हीवर बघितलंय, म्हणून तर ती विचारतेय.

‘तिला समजवा’ म्हणालात, ते मी करणार नाही. आधी तुम्ही तिला सांगा की काहीही झालं तर रात्री तीनला फोन कर, स्कॉलरशिप सोडून परत यावं लागलं तरी चालेल, कर्ज मी बघीन. हे बोलताना जीभ अडखळत असेल तर ऑफरवर सही करू नका, मग युनिव्हर्सिटी कितीही चांगली असो. युनिव्हर्सिटीने पंधरा दिवसांची मुदत दिलीये म्हणता, तर तिला मेल लिहू दे की मला टीमशी बोलायचंय, अजून तीन आठवडे द्या. खेळाडू खरंच हवी असेल तर कोच थांबतो. आणि पुढचं पत्र तिचं येऊ दे, तिच्या शब्दांत, तुम्ही न तपासता. भारतातच राहून खेळायचं असेल तर तेही त्यात मोकळेपणाने लिहायला सांगा.